सरपंचबाईंचं जेवण

"तू खाली काहीतरी खाऊन घे," हॉटेलापुढं गाडीतून उतरता उतरता दिनकरराव म्हणाले. "वर समदे बापेच हायेत. तुला उगं अवघडल्यासारखं होईल. आमी येताव घंट्या-दोन घंट्यात."

राजेश्रीच्या मांडीवर पुरस्काराचं सन्मानचिन्ह होतं. जाड काचेचं, चांगलं जड. ते त्यांनी उचललं. "हे वर लागंल, फोटो काढायचेत," असं म्हणत खांद्यावरची शाल सारखी केली आणि लिफ्टकडं निघाले. ती शालसुद्धा खरं तर राजेश्रीसाठी होती. दुपारच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांनी ती दिनकररावांच्या खांद्यावर घातली, आणि एवढ्या मोठ्या हॉलमधल्या एकालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. खुद्द दिनकररावांनाही नाही. राजेश्रीच्या वाट्याला नारळ आला.

परभणीतल्या एका संस्थेचा 'व्यसनमुक्त गाव' पुरस्कार होता तो. गाव मानवतच्या पुढं, पाथरीच्या रस्त्याला लागून. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं तेव्हा राजेश्री उभी राहिली आणि निवडून आली. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. पण गावात कुणी 'सरपंच' म्हणालं की तो तिच्या नवऱ्याचा, दिनकररावांचा उल्लेख असायचा. राजेश्रीला लोक 'सरपंचबाई' म्हणायचे, जसं पाटलाच्या बायकोला पाटलीणबाई म्हणतात तसं. बोरीच्या शाळेत बारावीपर्यंत पहिल्या पाचांत असलेली ही मुलगी ग्रामपंचायतीत ग्रामसेवकानं बोट ठेवलेल्या जागी सही करायची आणि आलेल्यांना चहा सांगायची. पहिलं वर्ष असंच गेलं.

मग एका सकाळी कोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या घरी मेंढरं होती, दोन एकर कोरडवाहू होतं, आणि दैवशाला नावाची एक लेक होती. दैवशालाचा उजवा हात नवऱ्यानं दारूच्या नशेत उंबऱ्यावर ठेवून मोडला होता. तो पुढं जुळला, पण वाकडाच. त्या हातानं तिला भाकरी थापता येत नव्हती. कोंडाबाईनं लेकीला पुढं केलं, तो हात वर धरून दाखवला आणि विचारलं, "बाई, तुमी सरपंच हाव का नुसत्या सरपंचाच्या बायकू?"

राजेश्रीला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. ते तिनं पुढच्या वर्षात दिलं. बायकांच्या सह्या गोळा केल्या, कचेरीत खेटे घातले, गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान लावून घेतलं. दुकान तात्यारावाचं होतं. निवडणुकीत दिनकररावांसाठी त्याच्याच जीपा फिरल्या होत्या. त्यामुळं मतदानाच्या दिवशी दिनकररावांना लातूरला अचानक काम निघालं. आदल्या रात्री तात्यारावानं घरोघर साड्या वाटल्या. बायकांनी साड्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी दारूबंदीच्या आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्के मारले. दुकानाला कुलूप लागलं. दिनकरराव संध्याकाळी लातूरहून आले ते थेट हार घालून घ्यायलाच.

आणि आज दुपारी माईकसमोर उभं राहून ते म्हणाले होते, "मी ठरवलं, काहीही होवो, गावातली दारू मी हद्दपार करणार." बराच वेळ बोलले. राजेश्री शेजारच्या खुर्चीत नारळ धरून बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिलाही वाजवाव्या लागल्या, आणि हातात नारळ असल्यामुळं त्या नीट वाजल्या नाहीत.

हे सगळं तिनं गिळलं असतं. तीन वर्षांत असं बरंच गिळून झालं होतं. पण ती पोर्चमध्ये उभी होती तेवढ्यात एक पांढरी गाडी आली आणि तिच्यातून तात्याराव उतरला. कडक इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध. त्यानं हात जोडले. "नमस्कार वहिनी. अभिनंदन बरं का." आणि तोही लिफ्टकडं गेला. दिनकरराव त्याच्यासाठी लिफ्टचं दार धरून उभे होते.

राजेश्रीच्या कानशिलात काहीतरी गरम झालं.

वसमत रोडवरचं ते हॉटेल नवंच होतं. आत गेल्यावर डाव्या हाताला फॅमिली सेक्शन. पडदे लावलेली खोपटी, प्रत्येकात चार खुर्च्या आणि वर एक पंखा. एका खोपट्यात वेटरनं तिला बसवलं आणि पडदा ओढून घेतला. समोर फिक्कट पिवळी भिंत, शेजारून कुणाच्यातरी लहान लेकराचं रडणं. ती पडद्याकडं बघत थोडा वेळ बसली. मग उठली, पडदा सारला आणि समोरच्या बाजूला असलेलं काचेचं जड दार ढकलून बारमध्ये गेली.

आत गारवा होता. काळ्याभोर लाकडाचा लांब काउंटर, पुढं कातडी उंच स्टुलं, मागं बाटल्यांच्या रांगा आणि त्यांच्या पाठीमागून येणारा पिवळा उजेड. अजून ऊन उतरलं नव्हतं, त्यामुळं गर्दी नव्हती. कोपऱ्यात दोघं जण आवाज बंद केलेला क्रिकेटचा सामना बघत होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, परत सामन्याकडं बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडं. काठपदराची साडी नेसून त्या उंच स्टुलावर चढणं काही सोपं नव्हतं. तिनं निऱ्या एका हातात धरल्या, दुसरा हात काउंटरवर टेकला आणि ती चढली.

कोट घातलेला मॅनेजर लगबगीनं आला. "मॅडम, फॅमिली सेक्शन तिकडं आहे."

"माझी फॅमिली वरच्या हॉलात बसलीय. मी इथं बसते."

"तसं नाही. लेडीज इथं बसत नाहीत, मॅडम. तुम्हालाच बरं वाटणार नाही."

"दारावर तसं लिहिलंय का?"

मॅनेजरनं खरंच एकदा दाराकडं बघितलं. मग काउंटरमागच्या माणसाला डोळ्यानं काहीतरी खुणावून तो निघून गेला.

काउंटरमागचा माणूस चाळिशीचा होता. छातीवरच्या पट्टीवर 'जीवन' असं नाव. त्यानं मेनूकार्ड तिच्यापुढं सरळ करून ठेवलं.

"एक लिंबू सोडा द्या आधी," राजेश्री म्हणाली.

"थोडं थांबावं लागंल मॅडम. वरची ऑर्डर निघायलीय."

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला दोन वेटर ट्रे भरत होते. व्हिस्कीच्या बाटल्या, बर्फाचं भांडं, शेंगदाणे, काजू, उलटे ठेवलेले ग्लास.

"कुणाची पार्टी हाय?"

"व्यसनमुक्तीवाल्यांची," जीवन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "कुठल्या तरी गावाला पुरस्कार भेटलाय म्हणं. त्या गावच्या सरपंचानं दिलीय."

"सरपंच बघितलेत का तुमी?"

"बघितले की. आताच वर गेले, शाल घेतलेले."

ट्रे तिच्या पाठीमागून गेला. ग्लास एकमेकांवर किणकिणत गेले. राजेश्रीला दैवशालाचा हात आठवला. मतदानाला लागलेल्या बायकांच्या रांगा आठवल्या, साड्या नेसून आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या म्हाताऱ्या आठवल्या. तिच्या गावाच्या, तिच्या नावाच्या पार्टीला त्या बाटल्या लिफ्टनं वर चालल्या होत्या आणि तिला खाली पडद्याआड 'काहीतरी' खायला सांगितलं होतं.

"लिंबू सोडा राहू द्या," ती म्हणाली. "वाईन हाय का?"

जीवननं आता मात्र मान वर केली. "हाय. लाल का पांढरी?"

"लाल."

वाईन तिला माहीत होती. मागच्या वर्षी बचतगटाच्या बायकांचा नाशिकला अभ्यास दौरा गेला होता. द्राक्षांच्या एका मोठ्या मळ्यात मालकिणीनं सगळ्यांना छोट्या ग्लासात घोट-घोट चाखायला दिली. कोंडाबाईनं तर वास घेऊनच ग्लास खाली ठेवला. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. राजेश्रीला मात्र ती आवडली होती. आधी आंबट, मग तुरट, आणि नंतर जिभेवर बराच वेळ काहीतरी राहून गेलेलं. तिनं तसं कुणाला सांगितलं नाही.

वाईन मागणारं गिऱ्हाईक इथं क्वचितच येत असावं, कारण बूच काढायचं हत्यार सापडायला वेळ लागला. बाटली आणल्यावर जीवन काउंटरवर जरा वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, स्टीलच्या ग्लासात देऊ का? कुणाला कळायचं न्हाई."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला तिची अडचण नको होती, एवढंच. पण राजेश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. वरच्यांना कुणी विचारलं असेल का, स्टीलच्या ग्लासात देऊ का म्हणून?

"काचेच्या," ती म्हणाली. "आणि जेवण सांगते, ते एकेक आणा. आधी सूप. मग तंदुरी चिकन. ते झाल्यावर मटन आणि रोटी. घाई करू नका. मला घाई न्हाई."

घरी साहेब लोक जेवायला आले की मटन तीच करायची. कृषी अधिकारी, अभियंते, विस्तार अधिकारी, सगळ्यांनी तिच्या हातचं खाल्लं होतं आणि जाताना दिनकररावांना म्हटलं होतं, "सरपंचसाहेब, तुमच्या घरच्या जेवणाला तोड नाही." गावाच्या रस्त्याचं, शाळेच्या खोल्यांचं बोलणं बैठकीत त्या जेवणावरच व्हायचं. ती स्वयंपाकघरातून ऐकायची. रोट्या भाजता भाजता एकदा तिनं तिथूनच सांगितलं होतं, नाली शाळेच्या मागून काढा, पुढून काढली तर पाणी वर्गात शिरेल. बैठकीत कुणीतरी भाजीत मीठ मस्त पडलंय म्हणालं. नाली पुढूनच काढली. पावसाळ्यात पोरं बाकांवर पाय वर घेऊन बसली.

सूप आलं. तिनं चमच्यानं सावकाश घेतलं. राग एवढा होता की घाईनं खाल्लं असतं तर ठसका लागला असता. म्हणून ती मुद्दामच सावकाश खात होती. वाईन फ्रीजमधली, फार गार होती. तिनं ग्लास दोन्ही तळहातांत धरून ठेवला आणि मग घोट घेतला. नाशिकसारखीच लागली. चिकन आलं तेव्हा त्यावर लिंबू पिळताना तिच्या लक्षात आलं की समोरच्या आरशात, बाटल्यांच्या मधून, ती स्वतःला दिसतेय. ताठ बसलेली. तिनं नजर काढून घेतली नाही.

तात्याराव खाली आला तो फोनवर बोलत. वर रेंज येत नसावी. काचेच्या दारातून आत डोकावला, थबकला, बोलणं थांबवलं. मग त्यानं तोच फोन हातात जरा वर धरला. राजेश्रीनं आरशात सगळं बघितलं. ती वळेपर्यंत तो तिच्याजवळ आला होता.

"वहिनी, तुमी इथं? मी म्हणलं फॅमिलीत असताल."

"फोटो काढलात ना?"

"ते असंच." तात्याराव शेजारच्या स्टुलावर बसला. तोंडाला व्हिस्कीचा भपकारा होता. "तुमी कामून मनाला लावून घेता? मी काय परका हाव का. माझ्याजवळच राहील तो. गावातल्या बायांनी बघितला तर त्यांना उगं वाईट वाटंल. त्यांनी तुमच्या भरवशावर मत टाकलं."

"काय पाहिजे तुम्हाला?"

"मला काय पाहिजे? साहेबांनी शब्द दिलाय, तेवढं झालं की बास. दुकान फाट्यावर टाकायलाव, गावाच्या बाहेर. गावात एक थेंब न्हाई येणार. ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव पाहिजे, त्याच्यावर तुमची सही. साहेब म्हणले, ते मी बघतो."

राजेश्रीच्या हातातला काटा ताटलीला लागून वाजला. पार्टी कशाची होती ते आता तिला कळलं. पुरस्कार नुसतं निमित्त. फाटा गावापासून हाकेच्या अंतरावर होता. दैवशालाचा नवरा तिथं चालत जाऊन चालत परत येऊ शकला असता, आणि तेवढ्यात पोळी तव्यावरून उतरली नसती.

"कधी दिला शब्द?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. तुमाला म्हणले न्हाईत का?"

तिनं ग्लास उचलला, स्टूल त्याच्याकडं पूर्ण वळवलं आणि पदर सारखा केला.

"तुमी काढला त्यात मागून आले असंन मी," ती म्हणाली. "तोंड नीट दिसायला पाहिजे. आता काढा."

तात्याराव हसला, पण ते हसू त्याला जमलं नाही. "वहिनी, खामोखा वाढवू नका."

"काढा की. ग्लास दिसतोय ना? अजून वर धरू?"

कोपऱ्यातले दोघं आता सामना सोडून इकडंच बघत होते. तात्याराव उठला. "साहेबाला पाठवतो," म्हणाला आणि दार ढकलून गेला.

राजेश्रीनं ग्लास खाली ठेवला. तिनं पर्समधून फोन काढला आणि कोंडाबाईला लावला. मागं मेंढरांचा आवाज येत होता.

"कोंडाबाई, मी परभणीत हाय. हॉटेलात. मी वाईन प्यायले."

तिकडं कोंडाबाईनं मेंढरांना हुसकून बाजूला केलं.

"काय प्याल्या?"

"वाईन. नाशिकला दिली होती ती. तात्यारावानं फोटो काढलाय. त्यो गावात येईल. त्याच्या आधी तुमाला माझ्या तोंडून कळावं म्हून फोन केला. आणि दुसरं, त्याला फाट्यावर दुकान टाकायचंय. आमच्या ह्यांनी शब्द दिलाय. मी सही करणार न्हाई."

"बाई," कोंडाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खरखरीत झाला, "मी घराघरात जाऊन बायांच्या पाया पडलेव. म्हणलं आपली सरपंचबाई हाय आपल्या मागं. आन तुमी तिथं बसून पेयलात?"

"पेयले. राग आला होता. आणि..." राजेश्री थांबली. खोटं बोलायचं नव्हतं. "आणि मला आवडती."

फोन कट झाला.

हे तिला वरच्या सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त लागलं. जीवननं मटनाची वाटी ठेवली, रोटी ठेवली आणि बाजूला झाला. तिनं रोटी मोडली. आधी घास उतरेना. मग तिला वाटलं, आपण न जेवता उठलो तर ते जिंकले. आणि ती जेवली. मटन बरं होतं, मसाल्यात खोबरं जरा कमी भाजलेलं. तिनं दुसरा ग्लास मागितला.

दिनकरराव आले तेव्हा तो अर्धा झाला होता. शाल खांद्यावरून घसरली होती, डोळे लाल होते. ते तिच्या अगदी कानाशी येऊन दबक्या आवाजात बोलले.

"काय करायलीस हे? ऊठ."

"जेवायलेय. तुमीच म्हणलात, काहीतरी खाऊन घे."

"लोक बघायलेत. माझी इज्जत काढायलीस व्हय? दारूबंदीची सरपंच तू, आन बारमधी बसून प्यायलीस?"

"तुमी कुठं बसला होतात?"

"बाप्याची गोष्ट येगळी असती."

"दुपारी तर तुमीच सरपंच होतात. माईकवर. 'दारू मी हद्दपार करणार' म्हणलात. मंग दारूबंदीच्या सरपंचानं वर बसून काय पेलं?"

दिनकररावांचा हात काउंटरवर आपटला. ग्लासातली वाईन हलली. मॅनेजर दाराशी आला आणि तिथंच उभा राहिला.

"हे बघ राजे," त्यांनी आवाज मऊ केला. त्यांना तो हवा तेव्हा मऊ करता यायचा. "तात्यारावाकडं फोटो हाय. त्यो माझा शब्द मोडणार न्हाई, पण त्याचंबी काम व्हाया पाहिजे. एक सही. गावाच्या बाहेर दुकान जाईल, कुणाला काही तरास न्हाई. नाही केलीस तर उद्या तुझं तोंड गावात दाखवायच्या लायकीचं राहणार न्हाई. मला वाचवता यायचं न्हाई."

"त्याला तुमीच सांगितलंत का, फोटो काढ म्हून?"

"न्हाई. आईची आण."

"पण काढल्यावर वाईट न्हाई वाटलं."

त्यांनी शाल सारखी केली. राजेश्रीनं बघितलं, त्यांना खरंच वाईट वाटलं नव्हतं. उलट कुठंतरी सुटल्यासारखं झालं होतं. वीस वर्षांच्या संसारात ती या माणसावर रुसली होती, रडली होती, अबोला धरला होता. एवढी चिडली कधीच नव्हती. आणि चिडूनही तिचा आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"मी सांगते ते ऐका," ती म्हणाली. "सही मी करणार न्हाई. आजच न्हाई आणि नंतरबी न्हाई. उद्यापासून ग्रामपंचायतीत माझ्या खुर्चीवर तुमी बसायचं न्हाई. कामासाठी आलात तर समोरच्या बाकावर बसा, बाकीचे बसतात तसं. आणि तो फोटो सगळ्या गावाला दाखवा. मी कोंडाबाईला सांगितलंय, बाकीच्यांनाबी मीच सांगीन."

"तुला चढलीय."

"चढली असती तर बरं झालं असतं. मंग तुमाला सकाळी विसरता आलं असतं."

वरून कुणीतरी "साहेब, ओ साहेब" म्हणून हाक मारली. "गाडी मिळायची न्हाई तुला," एवढं म्हणून दिनकरराव गेले. बार्शीहून आणलेले नवे जोडे कुरकुरत गेले.

जीवन आला. "आणखी काही, मॅडम?"

"गोड काय हाय?"

"खुबानीचा मीठा हाय. निजामाबादचा आचारी हाय आमच्याकडं, चांगलं करतो."

"आणा."

खुबानी, म्हणजे जर्दाळू, मऊ शिजलेली होती, वर साय. तिनं शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ली. जीवननं विचारलं, हे वरच्या पार्टीच्या बिलात जोडू का? ती म्हणाली, न्हाई, हे माझं वेगळं. पैसे दिले, निऱ्या सावरत स्टुलावरून खाली उतरली, मॅनेजरसमोरून बाहेर आली. अजून पुरता अंधार पडला नव्हता. रिक्षानं बसस्टँड गाठलं आणि पाथरीच्या गाडीत खिडकीशी बसली. पेडगाव गेलं, मानवत रोड गेला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठून आलाव?" ती म्हणाली, "जेवायला गेले होते."

सकाळी ती उठायच्या आधीच फोटो गावाच्या ग्रुपवर आला होता. कुणी हसणारी चित्रं टाकली होती, कुणी हात जोडलेले. ग्रुपवर त्याखाली तिनं स्वतः लिहिलं, 'हो, मीच आहे.' दिनकरराव रात्री आलेच नव्हते.

आंघोळ करून ती बाहेर आली तर अंगणात कोंडाबाई उभी होती. ओट्यावर चढली नाही. दैवशाला मागं, वाकडा हात पदरात घेऊन.

"पोरीनं दावला फोटो," कोंडाबाई म्हणाली. "रातच्याला जेवले न्हाई मी. तुमचा फोन आलता म्हून आले. आधी फोटो बघितला असता तर तुमच्या दाराला आले नसते."

"बसा तरी."

"बसत न्हाई. एक सांगा, पुन्यांदा पेताल का?"

"गावात न्हाई," राजेश्री म्हणाली. "बाहेर कधी वाटलं तर पीन. पण तुमच्यापासून लपवून न्हाई."

ते उत्तर कोंडाबाईला आवडलं नाही. तिनं तोंड फिरवलं आणि अंगणात थुंकली. दैवशाला मात्र राजेश्रीकडं बघत राहिली. "बाई," ती म्हणाली, "फाट्यावर दुकान व्हणार का?"

"न्हाई."

"लिहून देताल?"

"चला आताच."

तिघी ग्रामपंचायतीत गेल्या. ग्रामसेवक आला होता, आणि खुर्चीवर दिनकरराव होते, कालच्याच कपड्यांत. राजेश्री टेबलासमोर जाऊन उभी राहिली. बाहेर हळूहळू बाया जमायला लागल्या होत्या. कुणी भांडायला आल्या होत्या, कुणी नुसतं बघायला. ग्रामसेवक एकदा यांच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. शेवटी दिनकरराव उठले आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न देता मागच्या दारानं गेले. राजेश्रीनं खुर्चीत बसून दैवशालाला तसं लिहून दिलं.

ना-हरकतीचा ठराव आठवड्यानं ग्रामसभेत आला. मागून एका पोरसवदा आवाजानं विचारलं, "सरपंचबाई, लाल का पांढरी?" आणि पुरुषांच्या बाजूला हशा झाला. राजेश्रीनं मान वर केली. "लाल," ती म्हणाली. "आता ठरावावर बोला." हशा ओसरला. बायांनी हात वर केले, आणि मग काही बाप्यांनीही केले. कोंडाबाईचा हात सगळ्यात आधी वर गेला होता. तात्यारावाच्या दुकानाला गावानं ना-हरकत नाकारली.

दिनकरराव दोन महिने घरात बोलले नाहीत. जेवायचे, झोपायचे, शेतात जायचे. राजेश्रीनंही आपण होऊन बोलायचा प्रयत्न केला नाही. तिचा राग गेला नव्हता आणि तो जावा अशी तिला घाईही नव्हती. कोंडाबाई ग्रामपंचायतीच्या प्रत्येक कामाला येते, मोर्चाला पुढं असते, पण राजेश्रीच्या घरचा चहा ती अजून पीत नाही.